४५ अंशांचं उत्तर

कर्नाळ्याच्या सुळक्यापाशी पूर्वेकडे तोंड करून उभं राहिलं, की खाली पाताळगंगेचं खोरं दिसतं. या नदीला उन्हाळ्यातही पाणी असतं, कारण ते खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून येतं. घाटमाथ्यावरच्या तलावांचं पाणी लोखंडी नळांतून खाली कोसळतं, जनित्रं फिरवतं आणि मग नदीला मिळतं. टाटांचं हे केंद्र १९१५ साली सुरू झालं. त्याची वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली, आणि पाण्याच्या भरवशावर पुढे नदीकाठी कारखाने आले. रसायनीचा हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्सचा कारखाना हा त्यांतलाच. कंपनी सरकारी, १९६० साली स्थापन झालेली. इथे बेंझीनपासून नायट्रोबेंझीन आणि नायट्रोबेंझीनपासून ॲनिलीन तयार होत असे. रंग, औषधं, रबर या धंद्यांना लागणारा हा कच्चा माल. नायट्रोबेंझीन हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावं, या प्रकरणात ते पुन्हा येणार आहे.

वीज आणि रसायन एकाच खोऱ्यात शेजारी नांदतात, पण त्यांचं आपसांत सहज जमत नाही. घरात येणारी वीज प्रत्यावर्ती असते, म्हणजे एसी. तिची दिशा सतत उलटत राहते आणि सेकंदाला ५० आवर्तनं पुरी होतात. मोरचुदाच्या द्रावणात तांब्याच्या दोन पट्ट्या बुडवून त्यांना असा प्रवाह दिला, तर सेकंदाच्या एका शतांश भागात एका पट्टीवर जेवढं तांबं बसेल, ते जवळजवळ सगळं पुढच्या शतांश भागात परत विरघळेल. म्हणून मुलामा देणाऱ्या प्रत्येक कारखान्यात आधी रेक्टिफायर लागतो. तो प्रवाहाला एकाच दिशेने वाहायला लावतो. विद्युतरसायनशास्त्राचा पहिला सव्वाशे वर्षांचा इतिहास असा जवळजवळ सगळा डीसीचा आहे.

मग ज्या प्रवाहाने काहीच साचत नाही, तो एखाद्या रसायनशास्त्रज्ञाने मुद्दाम द्रावणात का सोडावा? कारण त्याला पदार्थ तयार करायचा नसतो. इलेक्ट्रोडवर चाललेली अभिक्रिया किती वेगाने होते, हे त्याला विचारायचं असतं. आणि वेगाचा प्रश्न विचारायला पुढे-मागे हलणारा प्रवाह हे फार नामी साधन आहे.

मागच्या प्रकरणातला थोडा भाग इथे आठवावा लागेल. १० फेब्रुवारी १९२२ रोजी प्रागमध्ये यारोस्लाव्ह हेयरोव्स्की यांनी बारीक काचनळीतून थेंबथेंब पडणाऱ्या पाऱ्याचा इलेक्ट्रोड वापरून, विद्युतदाब हळूहळू वाढवत प्रवाह मोजला. ठरावीक दाबाला प्रवाह एकदम उसळी घेतो आणि मग सपाट होतो. उसळी कोणत्या दाबाला आली, यावरून पदार्थ ओळखता येतो. उसळीची उंची त्याचं प्रमाण सांगते. क्योतोहून आलेल्या मासुझो शिकाता यांच्यासोबत त्यांनी १९२४ मध्ये हा आलेख आपोआप काढणारं यंत्र बनवलं, आणि १९५९ साली हेयरोव्स्कींना नोबेल पारितोषिक मिळालं. शिकातांनी या तंत्राने अभ्यासलेला पहिला सेंद्रिय पदार्थ होता नायट्रोबेंझीन. त्यांचा निबंध १९२५ सालचा आहे. रसायनीत जे पुढे टनांनी बनलं, त्याच्यावर पाऱ्याच्या एका थेंबाने असं पहिलं काम करून ठेवलं होतं.

दाब बदलत प्रवाह मोजण्याच्या या तंत्राची, म्हणजे डीसी व्होल्टॅमेट्रीची, एक मोठी अडचण मात्र हेयरोव्स्कींच्या पिढीला कायम सतावत राहिली. इलेक्ट्रोडवर मोजला जाणारा प्रवाह दोन कारणांनी वाहतो. पहिलं कारण आपल्या कामाचं: द्रावणातला रेणू इलेक्ट्रोडपाशी येतो, इलेक्ट्रॉन घेतो किंवा देतो. मायकेल फॅराडेच्या नावाने याला फॅराडीय प्रवाह म्हणतात. दुसरं कारण असं, की धातूचा पृष्ठभाग आणि त्याला चिकटून उभी राहिलेली आयनांची रांग मिळून एक धारित्र तयार होतं, म्हणजेच कपॅसिटर. त्याला द्विस्तर म्हणतात. दोन थरांमधलं अंतर नॅनोमीटरच्या आसपास असतं, त्यामुळे त्याची धारिता प्रचंड भरते: पाऱ्यावर चौरस सेंटिमीटरला साधारण २० मायक्रोफॅरड. दाब बदलला की हे धारित्र भरतं किंवा रिकामं होतं, आणि एकही रेणू न बदलता प्रवाह वाहतो. पदार्थ विरळ असला, की या दुसऱ्या प्रवाहात पहिला बुडून जातो.

एसी व्होल्टॅमेट्रीत हळूहळू वाढणाऱ्या डीसी दाबावर एक छोटासा साइन आकाराचा झोका चढवतात. त्याचा आयाम सहसा ५ ते १० मिलिव्होल्ट, वारंवारता काही हर्ट्झपासून हजारो हर्ट्झपर्यंत. डीसी दाब आपल्याला अभिक्रियेच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर नेऊन उभं करतो, आणि प्रत्येक टप्प्यावर तो इवलासा झोका किती प्रवाह हलवतो, एवढंच मोजायचं. ट्रेकिंगच्या पुस्तकात कर्नाळ्याच्या वाटेचा छेद काढलेला असतो तसा डीसीचा आलेख समजावा: खाली सपाटी, मग चढ, वर पुन्हा सपाटी. एसीने मिळते ती उंची नव्हे, चढाची तीव्रता. जणू प्रत्येक ठिकाणी एक पाऊल पुढे, एक पाऊल मागे टाकून उंचीतला फरक तेवढा टिपायचा. पायथ्याशी तो शून्य, माथ्यावरही शून्य, आणि चढाच्या मधोमध सर्वांत जास्त. म्हणून डीसीमध्ये जिथे पायरी दिसते, तिथे एसीमध्ये शिखर येतं.

रसायनाच्या भाषेत याचं कारण सरळ आहे. दाब फार कमी असताना रेणू इलेक्ट्रॉन घ्यायला तयारच नसतो, तेव्हा दहा मिलिव्होल्टने त्याला फरक पडत नाही. दाब फार जास्त असताना इलेक्ट्रोडपर्यंत पोचलेला प्रत्येक रेणू आधीच इलेक्ट्रॉन घेऊन बसलेला असतो, तिथेही झोका निष्फळ. मधल्या पट्ट्यात मात्र पृष्ठभागावर दोन्ही रूपं जवळजवळ समान असतात. नर्न्स्टच्या नियमानुसार एका इलेक्ट्रॉनच्या अभिक्रियेत दर ५९ मिलिव्होल्टला या दोन रूपांचं गुणोत्तर दहापट बदलतं, म्हणून इथे लहानसा झोकाही पुष्कळ रेणू पुढे-मागे ढकलतो. अशा शिखराची रुंदी, निम्म्या उंचीवर मोजली तर, २५ अंश सेल्सिअसला सुमारे ९० मिलिव्होल्ट भरते. दोन पदार्थांच्या पायऱ्या एकमेकींत मिसळल्या तर सोडवणं जिकिरीचं होतं. शिखरं शेजारी-शेजारी उभी असली, तर नजरेला वेगळी दिसतात.

आता आकडे पाहू, कारण या पद्धतीचं खरं सामर्थ्य आकड्यांशिवाय पटत नाही. समजा झोका १० मिलिव्होल्टचा, वारंवारता १०० हर्ट्झ, आणि पदार्थ लिटरला एक मिलिमोल. विसरणाचा, म्हणजे रेणू द्रावणात आपोआप पसरण्याचा, नेहमीचा गुणांक धरला, तर शिखरावर फॅराडीय प्रवाह चौरस सेंटिमीटरला पाऊण मिलिअँपिअरच्या आसपास येतो. द्विस्तराचा प्रवाह येतो त्याच्या सहाव्या भागाएवढा. इथवर ठीक. पण पदार्थ शंभरपट विरळ केला, लिटरला दहा मायक्रोमोल, की फॅराडीय प्रवाह शंभरपट खाली येतो आणि द्विस्तराचा आहे तिथेच राहतो. तो आता आपल्या कामाच्या प्रवाहाच्या सतरापट होतो. वारंवारता वाढवून सुटका होत नाही. फॅराडीय प्रवाह वारंवारतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, द्विस्तराचा थेट वारंवारतेच्या प्रमाणात. वारंवारता शंभरपट केली तर पहिला दहापट होईल, दुसरा शंभरपट. म्हणजे आकाराच्या लढाईत आपण हरणारच.

पण दोन प्रवाहांची वेळ निराळी असते. धारित्रात वाहणारा प्रवाह दाब किती आहे हे पाहत नाही, तो किती झपाट्याने बदलतोय हे पाहतो. साइन झोका शून्यातून जाताना सर्वांत झपाट्याने बदलतो आणि टोकाला क्षणभर थांबतो. म्हणून द्विस्तराचा प्रवाह दाबाच्या पाव आवर्तन आधीच आपल्या टोकाला पोचतो, म्हणजे ९० अंश पुढे असतो. फॅराडीय प्रवाह, अभिक्रिया अगदी चपळ असेल तर, ४५ अंश पुढे असतो. बरोबर निम्मा. विद्युतरसायनशास्त्रातल्या साऱ्या निष्कर्षांमध्ये मला हा सर्वांत सुंदर वाटतो, आणि तो कुठून येतो हे समजून घेण्यासारखं आहे.

दाब हलला की पृष्ठभागावरची संहती हलते, आणि तिची लाट विसरणाने द्रावणात आत सरकते. ती फार दूर जात नाही. १०० हर्ट्झला पावणेदोन मायक्रोमीटरवर तिचा जोर जवळजवळ एक तृतीयांशावर येतो. दहा हजार हर्ट्झला हे अंतर दहापट कमी. या पातळ थराचे मनातल्या मनात आणखी पातळ काप करावेत. प्रत्येक काप थोडे रेणू साठवतो, म्हणजे धारित्राचं काम करतो, आणि पुढच्या कापाकडे जाणाऱ्या रेणूंना थोडा अडवतो, म्हणजे रोधाचं काम करतो. रोध आणि धारित्र यांची अशी कधी न संपणारी शिडी बनते. अशा शिडीचा एकूण विरोध गणिताने काढला, तर रोध आणि धारित्र या दोहोंच्या विरोधांच्या गुणाकाराचं वर्गमूळ येतं. शुद्ध रोधाचा कोन शून्य, शुद्ध धारित्राचा ९०, आणि वर्गमूळ घेतलं की कोन निम्मा होतो. ४५ अंश आले ते इथून. वारंवारतेचं वर्गमूळही याच वाटेने आलं. एमिल वॉरबुर्ग या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने हे १८९९ मध्ये मांडलं, पाऱ्याचा थेंब प्रागमध्ये पडण्याच्या तेवीस वर्षं आधी.

वेळेतला हा फरक हाती आला, की मोजणी सोपी होते. दाबाच्या पावलाबरोबर पाऊल टाकणारा भाग तेवढा मोजायचा, पाव आवर्तन पुढे धावणारा सोडून द्यायचा. हे काम लॉक-इन ॲम्प्लिफायर नावाचं उपकरण चोख करतं. द्विस्तराचा प्रवाह पूर्णपणे ९० अंशांवर असल्याने तो गळतो. फॅराडीय प्रवाहाचा मात्र सत्तर टक्के हिस्सा हाती राहतो. वरच्या उदाहरणात सतरापट मोठा असलेला प्रवाह असा बाजूला होतो, आणि लिटरला मायक्रोमोलच्याही खाली मोजणं शक्य होतं. प्रत्यक्षात तो पूर्ण गळत नाही. द्रावणाचा स्वतःचा रोध मध्ये येतो आणि सगळे कोन थोडे थोडे सरकवतो. म्हणून या प्रयोगांत द्रावणात भरपूर क्षार घालतात, तीन इलेक्ट्रोड वापरतात आणि संदर्भ इलेक्ट्रोड कामाच्या इलेक्ट्रोडच्या अगदी जवळ ठेवतात. नवख्या विद्यार्थ्याला ही तयारी कंटाळवाणी वाटते, पण ती ढिली पडली तर कोन खोटे येतात, आणि या पद्धतीत कोन हेच तर उत्तर असतं.

४५ अंश येतात ते अभिक्रिया चपळ असेल तर. ती सुस्त असेल, म्हणजे इलेक्ट्रॉन ओलांडायलाच वेळ लागत असेल, तर विसरणाच्या शिडीपुढे आणखी एक रोध उभा राहतो आणि कोन ४५ पेक्षा कमी होतो. वारंवारता जितकी जास्त, तितका तो शून्याकडे झुकतो. वेगवेगळ्या वारंवारतांना कोन मोजून त्याचा कोटँजंट वारंवारतेच्या वर्गमुळासमोर मांडला, तर सरळ रेषा मिळते. ती १ पासून सुरू होते, कारण ४५ अंशांचा कोटँजंट १ असतो, आणि तिच्या चढावरून इलेक्ट्रॉन ओलांडण्याचा वेग निघतो. बर्मिंगहॅमचे जॉन रँडल्स आणि सोव्हिएत रशियातले एर्श्लर यांनी १९४७ मध्ये स्वतंत्रपणे हा विचार मांडला. द्रावणाचा रोध, द्विस्तराचं धारित्र, अभिक्रियेचा रोध आणि वॉरबुर्गची शिडी जोडून होणारं मंडल आजही रँडल्सच्या नावाने शिकवलं जातं. त्याच दशकात सिडनीत ब्रुनो ब्रायर यांनी एसी पोलरोग्राफी, म्हणजे पाऱ्याच्या थेंबावरची एसी व्होल्टॅमेट्री, रासायनिक पृथक्करणासाठी वापरात आणली, आणि १९६०च्या दशकात अमेरिकेत डोनाल्ड स्मिथ यांनी तिचं बारीकसारीक गणित पुरं केलं.

आता नायट्रोबेंझीनकडे. हा रेणू ॲसिटोनायट्राइलसारख्या पाणीविरहित द्रावकात घातला, तर तो एक इलेक्ट्रॉन घेतो, ऋणभारित मूलक होतो, आणि दाब उलटवला की तो इलेक्ट्रॉन निमूट परत करतो. ही देवघेव अतिशय वेगवान आहे, म्हणून एसीचं शिखर उंच आणि टोकदार येतं. तोच रेणू पाण्यात घातला की चित्र पालटतं. पाण्यातले प्रोटॉन मध्ये पडतात. चार इलेक्ट्रॉन आणि चार प्रोटॉन घेऊन त्याचं फेनिलहायड्रॉक्सिलअमीन होतं, आणि आम्ल द्रावणात आणखी दोन घेऊन ॲनिलीन. बंध तुटलेले असतात, परतीची वाट राहत नाही. डीसीच्या आलेखात इथेही ठसठशीत पायरी येते, एसीत मात्र शिखर खुजं आणि पसरट. झोक्याला प्रतिसाद द्यायला रेणूला जाता आणि येता, दोन्ही आलं पाहिजे. पदार्थ तोच आणि प्रमाण तेच असताना दोन आलेखांतला हा फरक फक्त वेगाचा असतो. याचा एक व्यवहारी फायदाही आहे. पाण्यात विरघळलेला हवेतला ऑक्सिजन डीसी मोजणीत मोठा अडथळा असतो, त्याला नायट्रोजन सोडून हाकलावं लागतं. ऑक्सिजनची अभिक्रिया सुस्त आणि एकमार्गी असल्याने एसीत तो बहुधा फारसा दिसत नाही.

आतापर्यंत आपण झोका लहान धरला, म्हणजे प्रतिसाद त्याच्याच प्रमाणात येतो असं मानलं. खरं तर इलेक्ट्रोडवर प्रवाह आणि दाब यांचं नातं सरळ रेषेचं नाही, घातांकी आहे. हा बाक दुर्लक्षून चालतं असं बहुतेकांना वाटत असताना, १९५०च्या सुमारास के. एस. जी. डॉस आणि एच. पी. अगरवाल या दोन भारतीय शास्त्रज्ञांनी त्याच बाकाकडे लक्ष दिलं. उत्क्रमणीय, म्हणजे जिथे अभिक्रिया दोन्ही दिशांनी सहज चालते अशा, इलेक्ट्रोडला त्यांनी शुद्ध एसी दिला, ज्यात डीसीचा अंशही नाही, आणि इलेक्ट्रोडचा सरासरी दाब किंचित सरकलेला आढळला. जाताना आणि येताना अभिक्रिया सारखी वागत नाही, म्हणून पुढे-मागे हलणाऱ्या प्रवाहातून एका दिशेची शिल्लक उरते. इलेक्ट्रोड स्वतःच रेक्टिफायर बनतो. त्यांनी याला रेडॉक्सोकायनेटिक परिणाम म्हटलं. जगात तो पुढे फॅराडीय रेक्टिफिकेशन या नावाने रूढ झाला. परिणाम फार बारीक आहे: १० मिलिव्होल्टच्या झोक्याला शिल्लक एका मिलिव्होल्टच्याही आत. झोका दुप्पट केला तर ती चौपट होते. पण तिच्यातून अतिवेगवान अभिक्रियांचे वेग काढता आले, जे साध्या पद्धतींच्या आवाक्यात नव्हते. डॉस पुढे तमिळनाडूतल्या कारैकुडी इथल्या केंद्रीय विद्युतरासायनिक संशोधन संस्थेचे संचालक झाले. आपल्या महाविद्यालयांत विद्युतरसायन शिकवताना वॉरबुर्ग आणि रँडल्स यांची नावं येतात, डॉस-अगरवाल यांची क्वचितच येतात. ती यायला हवीत.

त्याच बाकाचा दुसरा उपयोग हार्मोनिक मोजण्यात होतो. १०० हर्ट्झचा झोका दिला तर बाकामुळे प्रतिसादात २००, ३००, ४०० हर्ट्झचेही अंश येतात. द्विस्तर जवळजवळ सरळ वागतो, त्यामुळे या वरच्या हार्मोनिकांमध्ये त्याचा आवाज फार थोडा असतो. दुसऱ्या हार्मोनिकात शिखराच्या जागी एक उंचवटा आणि एक खळगा येतो, आणि त्यांच्यामधली शून्याची जागा पदार्थाचा दाब अचूक दाखवते. ऑस्ट्रेलियातले ॲलन बाँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच्याही पुढे जाऊन झोका मुद्दाम मोठा केला आणि संगणकावर फूरिए पद्धतीने हार्मोनिक वेगळे काढले. एकाच मोजणीत सहा-सात आलेख हाती येतात, आणि पदार्थाचा वेग, रोध, धारिता यांचा हिशेब त्या सगळ्यांशी एकदम जुळवावा लागतो. एका आलेखाला फसवणारं चुकीचं गृहीतक दुसऱ्यात पकडलं जातं.

डीसी दाब एका जागी थांबवून फक्त वारंवारता बदलत गेलं, की याच सिद्धांताचं दुसरं रूप मिळतं: विद्युतरासायनिक इम्पिडन्स. त्याची गरज कर्नाळ्याच्या रस्त्यावरच कळते. अभयारण्यातून जाणारा मुंबई-गोवा महामार्ग खाड्या आणि नद्या ओलांडत पणजीला मांडवीवर पोचतो. तिथला नेहरू पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, बांधून जेमतेम दीड दशक झालं असताना. पूर्वताणित काँक्रीटमधल्या पोलादी तारा गंजल्या होत्या. खाऱ्या हवेतले क्लोराइड काँक्रीटमधून आत मुरतात, पोलादावरचं संरक्षक ऑक्साइडचं आवरण फोडतात, आणि बाहेरून काहीही दिसत नसताना आत गंज चढत जातो.

अशा पुलाची पहिली तपासणी साधी असते. पृष्ठभागावर तांबं-मोरचूद इलेक्ट्रोड ठेवून आतल्या सळईचा दाब मोजतात. तो उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षाही खाली गेला, तर गंज सुरू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक धरतात. पण गंज कोणत्या वेगाने चाललाय, हे हा आकडा सांगत नाही. ते सांगतो सळईला दिलेला दहा मिलिव्होल्टचा झोका. हजारो हर्ट्झला काँक्रीटचा रोध कळतो, आणि वारंवारता हर्ट्झच्या हजाराव्या भागापर्यंत उतरवली की गंजण्याच्या अभिक्रियेचा रोध उलगडतो. तो जितका कमी, तितकं पोलाद झपाट्याने जातंय. तिथे एका आवर्तनाला हजार सेकंद लागतात, म्हणजे सतरा मिनिटं, आणि भरवशाचा आकडा हवा तर अशी काही आवर्तनं धीराने पुरी होऊ द्यावी लागतात.